मस्टँग जीटी घेतोय, पुढे सुपरचार्जर बसवायचाय. मॅन्युअल घेऊ की दहा गिअरची ऑटोमॅटिक?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय त्यामुळे थोडं लांबेल.

मी मूळचा कराडचा, आता डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोला राहतो, अकरा वर्षं झाली इकडे येऊन. आत्तापर्यंत एक कॅमरी आणि मग सीआर-व्ही, दोन्ही ऑटोमॅटिक, तक्रार काहीच नाही. पण कॉलेजात होतो तेव्हापासून व्ही८ चा आवाज डोक्यात बसलाय आणि आता घराचं वगैरे मार्गी लागल्यावर बायकोच म्हणाली की घेऊन टाक एकदाची, किती वर्षं नुसते व्हिडिओ बघणार.

तर दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही २०१९ च्या मस्टँग जीटी, दोन्ही परफॉर्मन्स पॅकवाल्या, ५ लिटरचं कोयोटी इंजिन, ४६० एचपी. एक सहा गिअरची मॅन्युअल, ४१ हजार मैल झालेली. दुसरी दहा गिअरची ऑटोमॅटिक, ३३ हजार मैल. किमतीत फरक हजार-बाराशे डॉलरचा, म्हणजे तो मुद्दा नाहीच. वर्ष-दीड वर्षात सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबून पॉवर वाढवणारा पंप) बसवून ७०० एचपीपर्यंत न्यायची असं मनात आहे. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जातो, टोलवेवरून, सकाळी मोकळा असतो पण संध्याकाळी पाच ते साडेसहा गाड्या अक्षरशः रांगत असतात. वर्षातून दोन-चारदा एनिसच्या टेक्सस मोटरप्लेक्स ड्रॅग स्ट्रिपला जाऊन क्वार्टर माइल, म्हणजे सरळ पाव मैल वेळ लावून मारायची हौस आहे, बाकी वीकेंडला कुठेतरी लांब चक्कर.

गाडी शिकलो ती बाबांच्या मारुती ८०० वर, कुंभार्ली घाटात. बाबा शेजारी बसून एकच सांगायचे, मीटरकडे बघू नको, इंजिन काय म्हणतंय ते ऐक आणि गिअर टाक. ते अजून कानात आहे, त्यामुळे मन मॅन्युअलकडे ओढतं. पण इथे ज्याला विचारावं तो म्हणतो ७०० एचपीला ऑटोच घे, मॅन्युअलचे दिवस गेले. आणि दुसरी अडचण म्हणजे बायकोला मॅन्युअल येत नाही. कोणी दोन्ही प्रकार जास्त पॉवरच्या गाडीत रोज वापरले असतील तर खरा अनुभव सांगा प्लीज, कागदावरचे आकडे मी वाचलेत.

मिशिगनकर

कोयनाकाठ, मी डेट्रॉइटजवळ राहतो, गेली चौदा वर्षं गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंतच्या कामातच आहे त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलेन, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं असं की तुझा पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा नाहीच्चे. पहिला प्रश्न हा की ७०० करायचीच आहे का. कारण ४६० ला उत्तर वेगळं आणि ७०० ला वेगळं, आणि लोक हे दोन्ही एकात घालून भांडत बसतात.

आधी क्लचचं समजून घे. क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) धरू शकतो हे चार गोष्टींवर ठरतं: अस्तराचं घर्षण, स्प्रिंगचा दाब, प्लेटचा व्यास आणि घासणारे पृष्ठभाग किती. एका प्लेटला दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठभाग. कंपनीने २०१८ पासून या गाडीत दोन प्लेटचाच दिलाय, म्हणजे चार पृष्ठभाग, पण तोही स्टॉक टॉर्कवर थोडं मार्जिन ठेवून, या गाडीचा टॉर्क ४२० पौंड-फूट म्हणजे ५७० न्यूटन मीटर. सुपरचार्जर बसवलास की तो ८०० च्या घरात जाणार आणि मग वरच्या गिअरला पाय दाबलास की क्लच स्लिप मारायला लागणार. मग काय करतात तर एकतर स्प्रिंग कडक करतात, म्हणजे पेडल जड, नाहीतर जास्त पकडीच्या अस्तराचा बाहेरचा दोन प्लेटचा क्लच टाकतात. घर्षण जास्त म्हणून त्याच दाबाला क्षमता जास्त, त्यामुळे पेडल तेवढं जड होत नाही, पण त्यातले बरेचसे चटकन पकडतात, हाफ क्लचला सरकवत नेणं स्टॉकइतकं सोपं राहत नाही आणि न्यूट्रलला थोडा खडखडाट येतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये ते करायचंय हे धरून चाल.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. पंप, टर्बाइन आणि मध्ये स्टेटर, सगळं तेलात. गाडी उभी असताना पाय दाबलास की पंप फिरतोय पण टर्बाइन अजून थांबलेलं, अशा वेळी स्टेटर तेलाची दिशा वळवतो आणि इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट होऊन पुढे जातो. गाडी वेग घेईल तसा तो फायदा कमी होत होत एकास एक होतो आणि मग आतला लॉकअप क्लच सगळं जोडून टाकतो. म्हणजे उचलताना घासून झिजणारी प्लेट नाही, उलट जास्तीचा टॉर्क आणि तो धक्का तेलाने मऊ केलेला. मागचे ॲक्सल शाफ्ट मॅन्युअलमध्ये क्लच सोडल्यावर जेवढे मार खातात तेवढे इथे खात नाहीत. तुझ्या दुसऱ्या गाडीतला १०आर८० हा फोर्ड आणि जीएमने मिळून डिझाइन केलेला गिअरबॉक्स आहे, नावातले ८० म्हणजे ८०० न्यूटन मीटरचा वर्ग. तुझ्या ७०० एचपीला तो अगदी टोकावर येतो पण तेलाचं तापमान सांभाळलंस, वेगळा कूलर टाकलास तर रस्त्यावर चालतो, मी बऱ्याच बघितल्यात.

गिअर बदलताना ऑटोमध्ये पॉवर तुटत नाही हाही मोठा फरक. स्ट्रिपवर तू कितीही चपळ असलास तरी प्रत्येक गिअरला पाव-अर्धा सेकंद जाणारच. २०१८ ला हे मॉडेल आलं तेव्हा फोर्डने शून्य ते साठ मैल चार सेकंदांच्या आत असा दावा केला तो ऑटोमॅटिकसाठीच होता.

पण आता रस्त्यावरचा हिशोब बघ, हा कोणी करत नाही. २०१८ नंतरच्या मॅन्युअलचे गिअर रेशो बघ, पहिला ३.२४, दुसरा २.१०, मागचा ॲक्सल ३.७३ आणि इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत फिरतं. तुझ्या टायरच्या मापाने पहिल्या गिअरला गाडी साधारण ५१ मैलावर जाते आणि दुसऱ्याला ७९. म्हणजे बहुतेक हायवेंची लिमिट दुसऱ्या गिअरलाच संपली! तिसरा पूर्ण ताणायची संधी कायद्यात राहून तुला मिळणारच नाही. तेही स्टॉक ४६० ला. ७०० ला काय होईल तर पहिल्या गिअरला टायर नुसते फिरतील, दुसऱ्यालाही फिरतील, आणि तिसऱ्याला कुठे पकड मिळेपर्यंत तू तिकिटाच्या पलीकडे गेलेला असशील.

म्हणून माझं मत सरळ आहे. ७०० नक्की करणार असशील तर ऑटो घे आणि मनात खंत ठेवू नकोस. स्टॉक ठेवणार असशील तर मॅन्युअल घे, ती गाडी मॅन्युअलमध्ये फार सुंदर आहे. मधलं काही करू नकोस, म्हणजे मॅन्युअल घेऊन नंतर पॉवर वाढवणं, त्यात क्लच, शिफ्टर, शाफ्ट, टायर असा एकामागून एक खर्च निघतो आणि शेवटी रोज वापरायला नकोशी झालेली गाडी हातात राहते.

ह्यूस्टनचा_सांगलीकर

मिशिगनकरांनी शेवटी जे लिहिलंय ना, "मधलं काही करू नकोस", ते मी केलंय म्हणून सांगतो. कराड म्हणजे शेजारीच की राव, माझं गाव तासगाव.

माझ्याकडे २०१८ ची मॅन्युअल जीटी होती. सहा महिने स्टॉक चालवली आणि ते सहा महिने मी आयुष्यात कधी विसरणार नाही, इतकी मजा. मग सुपरचार्जर बसवला. पहिल्याच आठवड्यात कॅटी फ्रीवेवर चौथ्या गिअरला पाय दाबला तर आरपीएमचा काटा सरसर वर आणि गाडी आहे त्याच वेगात, आणि आत तो जळका वास, ज्याने कधी क्लच प्लेट जाळलीये त्यालाच कळेल. मग जास्त टॉर्क धरणारा दोन प्लेटवाला क्लच टाकला. ज्या गॅरेजमध्ये टाकला तिथे मला कोणी सांगितलंच नाही की नवा क्लच पहिले ४००-५०० मैल गावात सावकाश चालवून बसवून घ्यावा लागतो, मी चौथ्या दिवशी स्ट्रिपवर गेलो आणि प्लेटा काचेसारख्या चकचकीत करून आणल्या. पुन्हा गिअरबॉक्स उतरवा, पुन्हा मजुरी.

त्यानंतरचं जास्त महत्त्वाचं आहे म्हणून नीट वाच. तिसऱ्यातून चौथा टाकताना हात घाईत जरा डावीकडे ओढला गेला आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला. इंजिन ७००० वर होतं. मिशिगनकरांनी दिलेला दुसऱ्याचा रेशो २.१० घे, तिसऱ्याचा १.४२, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाला १०,३५० फिरावं लागणार. यात रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही कारण तो फक्त पेट्रोल-स्पार्क तोडतो, इथे तर चाकंच इंजिनाला फिरवतायत. मी क्लच लगेच परत दाबला, एक सेकंदसुद्धा झाला नसेल, तरी चार व्हॉल्व्ह वाकले. ४६० एचपीला हे होत नाही का, होतं. पण ४६० ला तिसरा गिअर जरा वेळ टिकतो, विचार करायला वेळ मिळतो. पॉवर वाढली की सगळं इतकं भराभर येतं की हात आणि डोकं दोन्ही मागे पडतात, टायर फिरतोय, मागचा भाग हलतोय, स्टेअरिंग सांभाळायचंय आणि त्यातच गिअर.

आता माझ्याकडे ऑटो आहे, १०आर८०, तोच सुपरचार्जर काढून त्यावर बसवलाय. दोन्ही हात स्टेअरिंगवर. स्ट्रिपवर एका दिवसात आठ-दहा वेळा मारली तरी प्रत्येक टाइम एकमेकाला चिकटून येतो. आणि संध्याकाळी घरी येताना गुडघा दुखत नाही. पण हेही मनापासून सांगतो, ते स्टॉक मॅन्युअलचे सहा महिने या गाडीने मला दिलेले नाहीत. ही गाडी जास्त जोरात धावते, ती गाडी माझ्याशी बोलायची.

इझारकाठ

म्युनिकहून लिहितोय. माझ्याकडे बीएमडब्ल्यू एम२ आहे, मॅन्युअल, ४८० पीएस. हाच प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी पडला होता. इथे तर कंपनीनेच उत्तर देऊन ठेवलंय, पॉवर दोन्हीला ४८० पण टॉर्क ऑटोला ६०० न्यूटन मीटर आणि मॅन्युअलला ५५०. एम३ मध्ये अजून उघड, साधी एम३ मॅन्युअल ५५० न्यूटन मीटर, कॉम्पिटिशन फक्त ऑटोमॅटिक आणि ६५०. शून्य ते शंभर एम२ ऑटो ४.० सेकंद, मॅन्युअल ४.२.

तरी मी मॅन्युअल घेतली. का तर ते ०.२ सेकंद मला कधीच दिसणार नाहीत, पण दर रविवारी टेगर्नसेच्या बाजूला वळणावळणाच्या रस्त्याला ब्रेक मारत तिसऱ्यातून दुसऱ्यावर येताना टाच आणि चवडा एकत्र वापरून इंजिन रेस करून गिअर अलगद बसला की जे समाधान मिळतं ते दर रविवारी मिळतं. गाडी रेव्ह मॅचिंग आपोआप करते, मी ते बंद करून ठेवतो.

पॉर्शेचं उदाहरण घ्या. ९११ जीटी३ ची ९९१ पिढी आली तेव्हा फक्त पीडीके (पॉर्शेचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक) ठेवला, कारण लॅप टाइममध्ये तोच पुढे. आणि मग ९९१.२ मध्ये, २०१७ ला, त्यांनी मॅन्युअल परत आणली, ती हळू आहे हे पूर्ण माहीत असून, कारण घेणाऱ्यांना ती हवी होती. स्टॉपवॉचच्या पलीकडे काहीतरी असतं हे तिथल्या इंजिनिअरांनाही मान्य करावं लागलं.

ऑटोची एक गोष्ट कोणी लिहिली नाही अजून. जास्त पॉवरची ऑटो ओल्या रस्त्यावर जपून. हायवेला शिरताना पाय जरा जास्त दाबला गेला की गिअरबॉक्स एकदम चार-पाच गिअर खाली येतो आणि सगळा टॉर्क एका क्षणात मागच्या चाकांवर. दहा गिअरच्या बॉक्समध्ये तर उडी अजून मोठी. मॅन्युअलमध्ये तू पाचव्याला असशील तर पाचव्यालाच राहणार, खाली यायचं की नाही ते तू ठरवणार. पावसात मला हा भरवसा फार मोलाचा वाटतो. ह्यूस्टनच्या भाऊंना विचारा, तिथे पाऊस काही कमी नसतो.

ह्यूस्टनचा_सांगलीकर

अगदी खरं आहे. पावसात मी वेट मोडलाच टाकतो आणि पाय अंड्यावर ठेवल्यासारखा. नवीन असताना एकदा रॅम्पवर मागचा भाग सुटला होता, बाजूला कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

चांदणीचौक

पुण्याहून. तुम्ही लोक नशीबवान, दोन्हीतून निवडता येतंय. इथे २०१६ ला मस्टँग आली ती ऑटोमॅटिकच आली, मॅन्युअल हवी तर विषयच नाही. हल्लीसुद्धा गोल्फ जीटीआय आली, ऑक्टाव्हिया आरएस आली, दोन्ही फक्त डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकमध्ये.

माझ्याकडे व्हर्टस जीटी आहे, १.५ टीएसआय, १५० पीएस, तुमच्यापुढे काहीच नाही पण मुद्दा तोच आहे म्हणून लिहितो. तिच्या ऑटोमॅटिक मॉडेलच्या सात गिअरच्या डीएसजीमध्ये कोरडे क्लच असतात आणि तो बॉक्स २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला, इंजिनाचा टॉर्कही तेवढाच, म्हणजे मार्जिन जवळपास शून्य. लोक इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून (रिमॅप) टॉर्क वाढवतात आणि मग नवले पुलाच्या ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकताना क्लच तापला की म्हणतात ऑटोमॅटिक वाईट. अरे ऑटोमॅटिक वाईट नाही, तो कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक नाहीच, आतमध्ये क्लचच आहेत, फक्त पाय तुमचा नाही. म्हणून "ऑटो" म्हणताना कुठला ते आधी बघायचं. कोयनाकाठच्या गाडीत कन्व्हर्टर आहे, त्याला रांगण्याचा त्रास नाही, पण उद्या मन बदलून ड्युअल क्लचवाली काही बघितलीत तर हे डोक्यात ठेवा. मी स्वतः मॅन्युअल घेतली, ताम्हिणीला गेलो की सार्थक होतं आणि हिंजवडीला गेलो की पश्चात्ताप होतो, आठवड्यात ताम्हिणी एकदा आणि हिंजवडी पाचदा येतं हे पण खरंय.

मेधा_ऑस्टिन

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकली म्हणून लिहितेय, रागावू नका. "बायकोला मॅन्युअल येत नाही" ही अडचण म्हणून लिहिलीत, पण त्यांना शिकायची आहे का हे विचारलंत का? गाडी घे म्हणून त्यांनीच सांगितलं ना तुम्हाला?

मी नाशिकला ओम्नीवर शिकले, नवऱ्याला आजही मॅन्युअल येत नाही. माझ्याकडे २०१७ ची कॅमॅरो एसएस आहे, ६.२ लिटरचं एलटी१, ४५५ एचपी, ट्रेमेकचा सहा गिअरचा टीआर-६०६०. सात वर्षं रोज चालवतेय, ऑस्टिनच्या मोपॅक हायवेवर, ऑगस्टमध्ये, बाहेर ४० डिग्री असताना. त्यामुळे मॅन्युअल रोजच्या वापराला अशक्य आहे हे मी मान्य करणार नाही.

ट्रॅफिकचं एक तंत्र आहे. मोठ्या व्ही८ ला आयडलवरच इतका टॉर्क असतो की पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चालत राहते, माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगात. पुढच्या गाडीत अंतर सोडायचं आणि तशीच चालू द्यायची. लोक मध्ये घुसतात, घुसू द्यायचं. पुढची गाडी हलली की हललो, थांबली की थांबलो असं केलं की डावा पाय मरतो आणि क्लचही मरतो. हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवायची सवय तर आपल्याकडची, ती पहिली मोडायची.

गुडघ्याचं मात्र खरं आहे. माझी मैत्रीण आहे, मेनिस्कसचं ऑपरेशन झालं डाव्या गुडघ्याचं, तिने मॅन्युअल विकली आणि योग्यच केलं. तुमचे गुडघे, कंबर कसे आहेत हा प्रश्न ४० च्या आसपास प्रामाणिकपणे स्वतःला विचारायचा. स्टॉक क्लच काही जड नाही, मस्टँगचा तर कॅमॅरोपेक्षाही हलका आहे.

आणि पॉवरचं म्हणाल तर स्टेट हायवे १३० माझ्या घरापासून जवळ, अमेरिकेतली सगळ्यात जास्त लिमिट, ८५ मैल. तिथेसुद्धा मला ४५५ कमी पडलेत असं एकदाही झालं नाही. सुपरचार्जरचे पैसे चांगले टायर, ब्रेक पॅड आणि क्रेसनच्या ट्रॅकवर एखादा शिकवणीचा दिवस यात घाला. गाडी तीच राहील, तुम्ही बदलाल.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मेधाताई, तुमचं वाचून घरी विचारलं. ती म्हणाली मला कोणी विचारलंच नाही, शिकेन की. म्हणजे तो मुद्दा माझ्याच डोक्यातला होता.

शनिवारी दोन्ही गाड्या परत चालवल्या, या वेळी मुद्दाम संध्याकाळी साडेपाचला टोलवेवर नेऊन. ऑटो आधी. खरं सांगतो, फार छान आहे, गिअर कधी बदलला कळतसुद्धा नाही, आणि पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. पण अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मी रेडिओ लावला होता.

मॅन्युअलमध्ये तेच ट्रॅफिक, पहिले दहा मिनिटं नको झालं. मग मेधाताईंनी सांगितलं तसं अंतर सोडून पहिल्याला चालू दिली आणि जमलं. टोलवे संपल्यावर रिकामा रस्ता होता, दुसऱ्या गिअरला एकदा ताणली. साडेसहा हजारच्या पुढे त्या इंजिनाचा आवाज बदलतो, तिसरा टाकला, आणि मला बाबा शेजारी बसल्यासारखं वाटलं. ते जाऊन चार वर्षं झाली. पुढे एका पार्किंग लॉटला थांबलो थोडा वेळ.

मिशिगनकर, तुम्ही म्हणालात पहिला प्रश्न ७०० करायची का हा आहे. मी दोन दिवस त्यावरच विचार केला. ७०० मला कशासाठी हवे होते तर खरं म्हणजे इथे ऑफिसात दोघा-तिघांकडे तेवढ्याच्या गाड्या आहेत म्हणून. ७९ मैल दुसऱ्या गिअरला, हे वाचल्यावर सुपरचार्जर मनातून उतरला. स्ट्रिपला जाईन, माझा टाइम काय येईल तो येईल.

तर मॅन्युअल घेतोय. ४१ हजार मैल झालेल्या गाडीत काय काय तपासू तेवढं सांगा, बुधवारी पैसे द्यायचेत.

मिशिगनकर

चांगला निर्णय आहे. वडिलांचं वाचून थांबलो जरा मीही.

तपासणी सांगतो. क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर पाचव्या गिअरला १५००-२००० आरपीएमवर असताना एकदम पूर्ण पाय दाब. काटा आणि वेग बरोबरीने वाढले पाहिजेत, काटा एकटा पळाला तर प्लेट संपलीये, मग किंमत पाडून घे. गाडी थंड असतानाच पहिली चक्कर मार, थंडीत पहिला-दुसरा थोडा कडक पडणं चालतं पण गरम झाल्यावरही दुसऱ्याला खर्र आवाज येत असेल तर सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) गेलाय, ती गाडी सोड. रिव्हर्सलाही बघ. इंजिन आधी ट्यून केलेलं होतं का ते विचार आणि मागचे टायर कुठल्या कंपनीचे, किती झिजलेत ते बघ, ४१ हजाराला मागच्या टायरांचा तिसरा सेट असेल तर मालकाचा उजवा पाय कसा आहे ते कळतं.

घेतल्यावर दोन कामं लगेच कर. या गाडीत क्लचचं हायड्रॉलिक आणि ब्रेक एकाच बाटलीतून फ्लुइड घेतात. ते जुनं होऊन पाणी धरलं की टेक्ससच्या उन्हाळ्यात जोरात चालवताना क्लचचं पेडल खालीच चिकटून राहू शकतं, लोक गिअरबॉक्सला दोष देतात. आधी फ्लुइड बदल. आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदल, पण या गाडीच्या एमटी८२ मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये आपण समजतो तसं जाड गिअर ऑइल पडत नाही, ड्युअल क्लच ट्रान्समिशनचं पातळ फ्लुइड पडतं. बाहेरच्या गॅरेजमध्ये देणार असशील तर हे आधी बोलून घे, मॅन्युअलवालं म्हणून सवयीने जाड ओततात आणि मग हिवाळ्यात गिअर पडत नाहीत.

मेधा_ऑस्टिन

वा! मिसेसना शिकवताना पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावूच देऊ नका. सपाट पार्किंग लॉट, फक्त क्लच सोडत सोडत गाडी हलवायची आणि परत दाबून थांबवायची, वीस-पंचवीस वेळा. क्लच कुठे पकडतो ते पायाला कळलं की उरलेलं दोन रविवारचं काम. आणि शिकवताना तुम्ही स्वतः जास्त बोलू नका.

ह्यूस्टनचा_सांगलीकर

एनिसला कधी येतोयस ते कळव. साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे, मी येतो. आणि तिसऱ्यातून चौथा टाकताना गिअर मुठीत आवळू नको, तळहात उघडा ठेवून सरळ मागे ओढ, स्प्रिंग त्याला आपोआप मधल्या रांगेत ठेवते.

कोयनाकाठ

घेतली! क्लच ठीक, सिंक्रो ठीक, मागचे टायर दुसरा सेट. फ्लुइडचं शुक्रवारी करतोय. सांगलीकर, पुढच्या महिन्यातली तारीख बघून मेसेज करतो.